पीबीएलमध्ये (केसवरून गटात शिकण्याच्या पद्धतीत) प्रत्येक जण आपला तुकडाच वाचते, काय करावं?

प्रश्न (परभणी): बी.एस्सी. नर्सिंग, दुसरं वर्ष, दहा जणींचा ग्रुप. अभ्यासाला दिलेली केस कपाशीवर कीटकनाशक फवारताना झालेल्या विषबाधेची. पहिल्याच बैठकीत विषय वाटले जातात: एकीला लक्षणं, एकीला औषधं, एकीला नर्सिंग केअर. दुसऱ्या बैठकीत कागद वाचून दाखवतात. केस जरा फिरवून विचारली की सगळ्या अडतात. बैठक कशी घ्यावी?

उत्तर (नांदेड, ट्यूटर): वाटणी बंद करा, मूळ दुखणं तेच आहे. मास्ट्रिख्ट विद्यापीठाच्या पीबीएलच्या सात पायऱ्यांत स्वतःचा अभ्यास सहावा येतो. त्याआधी अनोळखी शब्द, प्रश्न, अंदाज, अंदाजांची जुळणी आणि शिकायचे मुद्दे. तुमच्याकडे अंदाज आणि जुळणी गळतात. अर्धा तास पुस्तक, मोबाइल बंद. फळ्यावर लिहा: घाम, लाळ, डोळ्यांच्या बारीक बाहुल्या, मंद नाडी एकाच वेळी का? कोलिनएस्टरेझ हे एन्झाइम बंद पडून ॲसिटिलकोलिन (मज्जातंतूंचा निरोप नेणारं रसायन) साचतं, हे माहीत नसलं तरी चालेल. ‘काहीतरी साचतंय’ एवढं सुचलं तरी पुढचं वाचन डोक्यात बसतं. मुद्दे चार-पाचच ठेवा आणि सगळे सगळ्यांनी वाचा.

उत्तर (लातूर): केसच्या मथळ्यातच ‘विषबाधा’ लिहिलं असेल तर शोधायला उरलं काय? निदान लपवा आणि केस तीन पानांत द्या.
पान 1: शेतातून आणलेला रुग्ण, कपड्यांना उग्र वास, तोंडाला फेस, नाडी 52. आधी काय कराल? सक्शन (तोंड-घशातला स्राव ओढून काढणं), ऑक्सिजन, हातमोजे घालून कपडे उतरवणं, साबण-पाण्यानं अंग धुणं. हातमोजे हमखास विसरतात.
पान 2: ॲट्रोपिन (या विषबाधेवरचं औषध) सुरू. पुरेसं झालं हे कशावरून? मुली बाहुल्यांकडे बघतात. खरं बघायचं ते छाती मोकळी झाली का, काख कोरडी आहे का, नाडी 80 च्या वर गेली का. ताप, बडबड, आतड्यांचा आवाज बंद, म्हणजे जास्त झालं.
पान 3: दुसऱ्या दिवशी रुग्णाला उशीवरून मान उचलता येत नाही. 24 ते 96 तासांत श्वासाचे स्नायूही ढिले पडू शकतात, म्हणून रुग्ण बरा दिसला तरी श्वासावरची नजर हटवायची नाही.

प्रश्न (परभणी): तिन्ही पानं एकदम द्यायची का, मॅडम?

उत्तर (लातूर): नाही. पहिल्या पानाची चर्चा संपल्यावरच दुसरं.

उत्तर (बीड): दुसऱ्या बैठकीत चिठ्ठ्या टाका. जिची निघेल तिनं कागदाशिवाय तो मुद्दा केसला जोडून सांगायचा. अंदाजाची चर्चा मराठीतच होऊ द्या. इंग्रजीची सक्ती केली की दोघी बोलतात आणि आठ जणी माना डोलावतात. परीक्षेचे इंग्रजी शब्द शेवटी फळ्यावर लिहून घ्या.