मदत हवी आहे: रात्रीच्या दशावतारासाठी पहिला कॅमेरा, कॅनन, निकॉन की सोनी?

नमस्कार मंडळी,

माझे बाबा गेली ३२ वर्षं दशावतारात स्त्रीपार्ट करतात. गाव कुडाळजवळ, मी नोकरीसाठी पुण्यात. गुडघ्यांमुळे यंदाचा हंगाम शेवटचा असं त्यांनी ठरवलंय, आणि रंगमंचावरचा त्यांचा एकही धड फोटो घरात नाही. आहेत ते मोबाईलचे. चेहरा कसाबसा ओळखू येतो, पण हात हलला की बांगड्यांच्या जागी नुसती पिवळट रेघ. मला तो हातच हवाय. पदर सावरताना त्यांची करंगळी जराशी बाहेर राहते. लहानपणी मांडवात झोप आलेली असायची तेव्हाही मी त्या करंगळीवरून बाबांना ओळखायचे.

कार्तिकात जत्रा सुरू होतील, त्याआधी कॅमेरा घ्यायचाय. लेन्स, कार्ड, जादा बॅटरी सगळं धरून ६५ हजार. सेकंडहँड चालेल. मोबाईलशिवाय काही हाताळलेलं नाही.

प्रयोग देवळासमोरच्या मांडवात, मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत. वर दोन-तीन एलईडी फोकस, बाकी अंधार. मी पाच-सहा मीटरवर बसेन. फ्लॅश अजिबात मारायचा नाही. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, नट तिथल्या तिथे रचतात. डोळ्यांवर लख्ख उजेड पडला की वाक्य तुटतं.

आतापर्यंत पाहिलेले असे:

कॅनन १५००डी. सगळीकडे मिळतो, स्वस्त आहे. पण फोकसचे ९च पॉइंट, त्यात खात्रीचा मधला एक.

निकॉन डी३५००. एका बॅटरीत दीड हजार फोटो म्हणतात, रात्रभर पुरेल. कंपनीने बंद केलाय, म्हणजे सेकंडहँडच.

सोनी झेडव्ही-ई१०. फोकस झकास, पण डोळा लावायला व्ह्यूफाइंडर नाही. अंधारात पेटलेला स्क्रीन समोर धरून बसायला मला नको वाटतं, मागच्या म्हाताऱ्या माणसांना त्रास होईल. निकॉन झेड३० चंही तेच.

कॅनन आर५०. मनात हाच भरलाय, पण नवा घेतला तर चांगल्या लेन्सला पैसे उरत नाहीत.

इथल्या एका दुकानात १५००डी सोबत १८-५५ आणि ५५-२५० एमएम अशा दोन झूम लेन्सचं डबल किट गळ्यात मारत होते. “दोन लेन्स फुकटात पडतात ताई” असं तीनदा म्हणाले. रात्रीच्या उजेडाचं विचारलं तर “आयएसओ वाढवा” (म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) एवढंच उत्तर. तुम्ही काय घ्याल?

प्रतिसाद

ताई, ते डबल किट घेऊ नका. दोन्ही लेन्स दिवसाच्या आहेत. १८-५५ ची लेन्स झूम करून ५५ वर नेली की उजेड आत घेणारं छिद्र एफ/५.६ पेक्षा मोठं होत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं). ५० एमएम एफ/१.८ मधून तिच्या जवळपास दहापट उजेड आत येतो. म्हणजे जिथे १/१० सेकंद लागत होता तिथे १/१०० मिळतो. तुमच्या बाबांची करंगळी या फरकात आहे, कंपनीच्या नावात नाही. आणि तुमच्या यादीतल्या कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर ५० एमएम लावून कॅमेरा उभा धरलात, की पाच मीटरवरून डोक्यापासून पायापर्यंत माणूस मावतो.

शटर, म्हणजे उजेड आत घ्यायचा वेळ, १/१०० सेकंदावरच ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, साधे एलईडी सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. त्याहून वेगात गेलात तर एक फोटो उजळ, दुसरा काळपट येऊ शकतो. युद्धाच्या प्रसंगात थोडं हलेल, ते हलू दे. रंगवलेले चेहरे दिव्याखाली पांढरे फटक पडतात, तेव्हा एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) थोडं खाली ओढा आणि रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ कच्च्या फाइलमध्ये, काढा.

डी३५०० घेतलात तर एक सांभाळा. त्याच्या बॉडीत फोकसची मोटर नाही. जुनी ५० एमएम एफ/१.८डी स्वस्तात देतील, तिचा ऑटोफोकस त्यावर चालणार नाही. मोटरवाली ३५ किंवा ५० एमएम एफ/१.८जी हवी.

मी असतो तर कॅनन आर१०० आणि आरएफ ५० एमएम एफ/१.८ घेतली असती. आर५० चा गरीब भाऊ म्हणा: स्क्रीन वळत नाही, टच नाही. पण व्ह्यूफाइंडर आहे, डोळा पकडून फोकस करतो, आणि १५००डी, डी३५०० सारख्या डीएसएलआरमध्ये फोटो काढताना आतला आरसा आपटतो, तसा यात आपटत नाही. पखवाज चालू असताना तो खट्ट आवाज कळणार नाही, पण विलापाच्या वेळी पहिल्या रांगेला कळेल. बॅटरी मात्र दोन जादा घ्याच.

धागाकर्तीचं उत्तर

दादा, मनापासून आभार. विलापाचं तुम्ही लिहिलंत आणि निर्णय झाला, कारण बाबांचा तोच प्रसंग गाजतो. आर१०० माझ्या यादीतच नव्हता. शनिवारी दुकानात जाऊन मागचे दिवे बंद करायला सांगते आणि मैत्रिणीला पाच मीटरवर उभी करून ५० एमएम लावून बघते.

बाबांना काल फोनवर सांगितलं. म्हणाले, “फोटो कित्याक गो, तू बघूक येतंस ता पुरे.” मग थोड्या वेळाने त्यांनीच परत फोन करून विचारलं, हिरवी नऊवारी नेसू की जांभळी. अंधारात, एलईडीखाली कुठला रंग नीट उठेल, हेही जाणकारांनी सांगावं.