सहावीतल्या मुलाला बीजगणिताचा जलद वर्ग लावावा का?

प्रश्न : एक पालक, देवगड तालुका

माझा मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीत शिकतो आणि गणिताची त्याला मनापासून गोडी आहे. येथील एका खासगी क्लासने सहावीपासूनच ‘फाउंडेशन’ वर्ग सुरू केला असून, दोन वर्षांत नववीपर्यंतचे बीजगणित पूर्ण करून घेतल्यास पुढे जेईईची तयारी सोपी जाते, असे ते सांगतात. शुल्क आम्हाला परवडेल. मात्र एसटीच्या ये-जा करण्यात त्याची रोजची संध्याकाळ जाईल. बीजगणित कोणत्या वयात सुरू व्हावे, आणि पुढे जाऊ शकणाऱ्या मुलाला इयत्तेपाशी थांबवणे हा त्याच्यावर अन्याय ठरेल का?

उत्तर : निवृत्त गणित शिक्षिका, रत्नागिरी

आपल्या राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात सहावीत समीकरणे, सातवीत बैजिक राशी आणि आठवीत विस्तारसूत्रे व अवयव येतात. नववीपासून त्याचे वेगळे पुस्तक होते, इतकेच. म्हणजे आपल्या मुलाचे बीजगणित सुरू झालेलेच आहे. त्याचे अपूर्णांक आणि ऋण संख्या पक्क्या आहेत का, हे आधी पाहावे. नववीत हुशार म्हणून ओळखली जाणारी मुलेही 5 − (क्ष − 3) याचे उत्तर 2 − क्ष असे लिहीत. कंसाबाहेरील वजा चिन्हाचा नियम त्यांना तोंडपाठ असे, परंतु क्षच्या जागी 4 ठेवायला सांगितले की मूळ राशीची किंमत 4 आणि त्यांच्या उत्तराची वजा 2 येई, आणि मग चूक त्यांची त्यांनाच सापडे. अशी पडताळणी जो मुलगा न सांगता करतो, त्याच्या हाती सहावीत आठवीचे पुस्तक खुशाल द्यावे.

उत्तर : मूळची मालवणची, सध्या कॅलिफोर्नियात

हा वाद इकडे फार जुना आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी शाळांनी 2014 मध्ये आठवीतील ‘अल्जिब्रा 1’ बंद करून तो सर्वांसाठी नववीत नेला; लहान वयात मुलांची वेगवान आणि संथ अशी विभागणी होऊ नये, हा त्यामागील हेतू होता. प्रत्यक्षात ऐपत असलेल्या पालकांनी बाहेर पैसे भरून तो विषय मुलांना शिकवला. मार्च 2024 मध्ये शहरातील मतदारांनी तो आठवीत परत आणावा असा कौल मोठ्या बहुमताने दिला, जरी तो शाळांवर बंधनकारक नव्हता. तेथील ‘अल्जिब्रा 1’मध्ये दोन चलांतील रेषीय समीकरणे आणि वर्गसमीकरणे येतात, जी आपल्याकडे नववी-दहावीत आहेत, हे तुलना करताना लक्षात ठेवावे. शाळेने दार बंद केले की पुढे जाण्याची संधी फीवर ठरू लागते, आणि हे मला फार चुकीचे वाटते.

उत्तर : प्राथमिक शिक्षक, गुहागर तालुका

वरील मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे, आणि म्हणूनच आधी शाळेतच विचारावे असे सुचवतो. आमच्यासारख्या कमी पटाच्या द्विशिक्षकी शाळेत दोन-तीन इयत्ता एकाच खोलीत बसतात. याचे तोटे मी रोज सोसतो. पण सहावीतील मुलाला सातवीच्या फळ्याकडे तोंड करून बसवायला येथे कोणाची परवानगी लागत नाही की पैसे लागत नाहीत. जमले नाही, तर तो दुसऱ्या दिवशी गाजावाजा न होता आपल्या इयत्तेत परत बसतो. क्लासमध्ये वर्षाची फी भरल्यावर अशी माघार घेणे मुलालाही जड जाते.

पुन्हा : निवृत्त गणित शिक्षिका, रत्नागिरी

क्लासचा निर्णय घेण्यापूर्वी त्याला एक उदाहरण घालून पाहा. बागायतदाराकडे चार डझनांच्या आणि पाच डझनांच्या मिळून 20 पेट्या आहेत आणि आंबे एकूण 92 डझन आहेत. तर पाच डझनांच्या पेट्या किती? सगळ्या पेट्या चार डझनांच्या धरल्या तर 80 डझन होतात, उरलेले 12 डझन एकेक करून 12 पेट्यांत जातात, असे त्याने तोंडी सांगितले, तर तो बीजगणिताचाच विचार करतो आहे. मग तेच क्ष मानून लिहायला सांगा आणि शेवटी 20 पेट्यांच्या जागी ‘न’ पेट्या घेतल्या तर उत्तर काय येईल, हे विचारा. तिथे तो अडला, तर घाई करू नका. अडला नाही, तर शाळेतील गुरुजींना आठवीचे पुस्तक मागा.