मार्गिटपाशी अडकलात तर आधी दुसरीकडे फिरून या

तुम्ही लिहिलंय, एल्डन रिंग या व्हिडिओ गेममध्ये मार्गिट नावाच्या बॉसनं, म्हणजे मोठ्या शत्रूनं, तीसेक वेळा मारलं, आता मजाच येत नाही. अगदी पटलं. गेल्या जुलैत, इकडे खानापुरात धो धो पाऊस असताना, मी तिथंच आठवडाभर अडकलो होतो. त्यात या गेमला साधा पॉज नाही. आईनं जेवायला हाक मारली की मेलोच.

चूक घाईची होती. मार्गिट काठी वर उचलतो आणि तशीच धरून ठेवतो. आपण घाबरून आधीच लोळण घेतो, उठता उठता काठी टाळक्यात बसते. काठी वर जाताना नाही, खाली येताना लोळायचं. भाऊ शेजारी बसून "आत्ता!" म्हणायचा, तेव्हा कुठं हाताला कळलं.

आणि त्याच्याशी लगेच लढायलाच पाहिजे असं कुठंय? २०१९च्या सेकिरो या गेममध्ये हाताशी तलवार एकच, लेव्हल वाढवून निभावणंही नाही. इथं घोडा आहे की हो! दक्षिणेला वीपिंग पेनिन्सुला या भागात भटका, व्हिगर (म्हणजे जीव) वाढवा, तलवार सुधारून +३ करा. परत आलात की मार्गिटकडे जाणाऱ्या धुक्याच्या दाराअलीकडे जमिनीवर सोनेरी खूण शोधा. तिथून रोगिअर या जादूगाराला सोबत बोलावता येतं. मार्गिट त्याच्या मागे लागला की तुम्ही पाठीमागून दोन वार करून घ्या.