'ऱ्हायटन'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : बल्गेरियातल्या पानाग्युरिश्ते इथे १९४९ साली कौलांच्या कारखान्यासाठी माती खणताना सोन्याची नऊ भांडी मिळाली. एकूण वजन सहा किलोंच्या वर. थ्रेशियन, म्हणजे त्या भागातल्या प्राचीन लोकांच्या, राजवटीतली, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाच्या शेवटाची. त्यांच्यावर लेख लिहितेय. हरणाच्या, मेंढ्याच्या मुंडक्याच्या आकाराच्या पेल्यांना इंग्रजीत 'ऱ्हायटन' म्हणतात. 'चषक' चालेल का?

प्रतिसाद : चषक नको, फार सर्वसाधारण होतो. असे पेले मुळात शिंगावरून आले, म्हणून 'शिंगपात्र' म्हणा.

प्रतिसाद : शिंगपात्रात आकार आला, काम राहिलं. ग्रीक शब्द 'वाहणे' या धातूवरून आलाय. वरून दारू ओतायची आणि खालच्या बारीक भोकातून धार तोंडात किंवा वाटीत घ्यायची. याच ठेव्यातला मोठा कुंभ बघा. त्याचे कान म्हणजे दोन नराश्व (वर माणूस, खाली घोडा), आणि बुडाला दोन मुंडकी, त्यांच्या तोंडांत भोकं. एकाच वेळी दोघांनी प्यायचं, म्हणजे करार पक्का करायचा, असा अर्थ अभ्यासक लावतात आणि मला तो पटतो. मराठीत बुडाला भोक असलेल्या भांड्याला शब्द आहेच : महादेवाच्या पिंडीवर टांगतात ती 'गळती'.

प्रतिसाद : गळती नेमकी आहे, पण आज वाचकाला आधी नळाची गळती आठवेल. 'धारपात्र' करा. सोबतच्या पसरट ताटलीला, म्हणजे 'फियाले'ला, 'अर्घ्यपात्र' शोभेल. देवाला दारूची धार सोडायची ती त्यातूनच. या ताटलीवर आफ्रिकी चेहऱ्यांच्या एकात एक तीन रांगा आहेत, आतल्या बाजूला ओकच्या फळांची एक, आणि वजन ग्रीक अक्षरांत कोरलंय.

ही अक्षरं लेखात जरूर आणा. थ्रेशियन लोकांची स्वतःची लिपी नव्हती. प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटस त्यांना भारतीयांखालोखाल सर्वांत मोठा समाज म्हणतो, पण त्यांच्याबद्दल लिहिलं ते इतरांनीच. त्यामुळे भांडी हाच त्यांचा दप्तरखाना. १९८५-८६ मध्ये बल्गेरियातल्याच रोगोझेन गावात चांदीची १६५ भांडी निघाली. काहींवर कोटिस या थ्रेशियन राजाचं नाव आणि गावांची नावं ठोकलेली आहेत. राजाला गावोगावहून काय येत होतं, हे त्यावरून कळतं. पानाग्युरिश्तेच्या एका धारपात्रावर तर हेरा, अथेना अशी ग्रीक देवींची नावं आकृत्यांशेजारी लिहिलीत. ग्रीक कथा, ग्रीक कारागिरी, आणि पिणारा थ्रेशियन सरदार.

प्रश्नकर्ती : धारपात्र घेते, पहिल्या उल्लेखात 'ऱ्हायटन' कंसात देते. फियालेला अर्घ्यपात्रच. गळतीची मात्र तळटीप देणार, ती सोडवत नाही.