पावसाळ्यात रोजच्या बाईकला रेसिंगचे रेन टायर टाकले तर? (आरसी ३९०, बोरिवली-पवई)

भिजलेला_बोरिवलीकर

मंडळी, प्रश्न येडपट वाटेल पण पूर्ण वाचा, मग शिव्या घाला. माझी केटीएम आरसी ३९० आहे, रोज बोरिवली ते पवई, हायवेने जोगेश्वरी आणि तिथून जेव्हीएलआर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड). गेल्या आठवड्यात मेट्रोच्या पिलरखाली ती खड्ड्यावर टाकलेली लोखंडी प्लेट असते ना, तिच्यावर मागचं चाक सटकलं. स्पीड जेमतेम तीस. पडलो नाही पण पाय टेकवताना घोटा मुरगळला आणि मागच्या रिक्षावाल्याने अक्कल शिकवली ती वेगळी.

आता झालंय असं की एका मित्राचा भाऊ रेसिंग करायचा, त्याने सोडलं, त्याच्याकडे रेन टायरचा सेट पडलाय, दोनच सेशन चाललेला. पुढचा ११०/७० मागचा १४०/७०, दोन्ही १७ इंची, जोडी सहा हजारात देतोय. काल जाऊन बघून आलो, नख दाबलं तर खोडरबरात रुततं तसं रुततं, एवढं मऊ. माझा साधा हिशोब, मोटोजीपीवाले भर पावसात गुडघा घासत वळतात याच्यावर, मला तर फक्त ऑफिस गाठायचंय. जून ते सप्टेंबर हे, ऑक्टोबरला परत साधे. कोणी केलंय का असं? आई बोलली लोकलने जा, तो ऑप्शन मला माहितीये, तो सोडून बोला.

चेंबूरचा_चक्रम

केलंय भावा. तो मूर्ख मीच.

मित्राच्या बाईकला ट्रॅकचे रेन टायर तसेच राहिले होते, मी म्हटलं पाऊस आहेच, लोणावळा मारून येतो. सायन-पनवेलला धो धो कोसळत होता आणि खोटं कशाला बोलू, वाशीच्या पुलापर्यंत बाईक रुळावरून चालल्यासारखी चालली, ब्रेक मारला की जमिनीला चिकटायची, मी मनातल्या मनात स्वतःलाच शाबासकी दिली. पनवेल सोडलं आणि पाऊस गायब. ऊन. रस्ता कोरडा ठणठणीत. दहा-पंधरा मिनिटांत बाईक मागून डोलायला लागली, वाटलं पंक्चर झाली. थांबून बघतो तर हवा बरोबर, पण टायरला हात लावला तर चटका बसला आणि खाचांच्या कडांवर रबराच्या बारीक वळ्या आलेल्या, पेन्सिल खोडल्यावर वहीवर चुरा पडतो ना तश्शा. चाळीसने खोपोली गाठली, तिथे चहा-वडापाव खाल्ला आणि तसाच माघारी फिरलो. परत येईपर्यंत मधल्या पट्ट्याची पार वाट लागली होती. मित्र दोन महिने बोलत नव्हता.

ट्रॅकवाला_टकल्या

वरच्याने जे भोगलं त्याचं कारण सांगतो. रेन टायरचं रबर गार असतानाच पकड देईल असं बनवलेलं असतं. खाचा खोल, मधले ठोकळे उंच आणि लवचिक, कारण चाक फिरताना ते हलले पाहिजेत, हलल्यावर तापले पाहिजेत, नाहीतर ओल्या ट्रॅकवर टायरमध्ये उष्णताच येणार नाही. आणि जास्त तापू नये म्हणून गार करायचं काम पाणी करतं. पाणी गेलं की ठोकळे हलतायत तेवढेच, गार करणारं कोणी नाही, रबर उकडून फाटतं. रेसमध्ये ट्रॅक सुकायला लागला की रायडर मुद्दाम सरळ पट्ट्यावर ओला भाग शोधून त्यावरून चालवतात ते याच्यासाठी, टीव्हीवर बघितलं असशील.

आणि मोटोजीपीचं उदाहरण दिलंस म्हणून, तिकडे २००५ पासून नियमच आहे की रेस चालू असताना हवामान बदललं तर पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी टीम थांबते तिथे, यायचं आणि दुसऱ्या टायरवाल्या बाईकवर उडी मारायची. २००६ ला ऑस्ट्रेलियातल्या फिलिप आयलंड ट्रॅकवर पहिल्यांदा खरंच अशी अदलाबदल झाली, मार्को मेलांद्री जिंकला होता. म्हणजे जगातले सगळ्यात भारी रायडरसुद्धा सुकलेल्या ट्रॅकवर रेन टायर घेऊन फार वेळ राहत नाहीत. तुझी दुसरी बाईक कुठे उभी असणार, ओबेरॉय मॉलच्या सिग्नलला? मुंबईत बोरिवलीला पाऊस आणि गोरेगावला कडक ऊन हे तुला मी सांगायला नको.

अजून एक, मागचा तुझ्या गाडीचा नाहीच. आरसीला १५०/६० लागतो. त्याची साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची उंची, १५० च्या ६० टक्के म्हणजे ९० मिमी, १४०/७० ची तशीच ९८. म्हणजे चाकाचा व्यास १६ मिमीने वाढतो, अडीच टक्क्यांच्या वर. तुझं एबीएस, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी सिस्टीम, पुढच्या-मागच्या चाकाचा वेग सतत ताडून बघत असतं, त्याला कंपनीच्या मापाची सवय. ओल्या रस्त्यावर त्यालाच कोड्यात टाकणार का? आणि साइडवॉलवर एनएचएस लिहिलंय का बघ, म्हणजे नॉट फॉर हायवे सर्व्हिस. असले टायर रस्त्यासाठी नाहीतच, उद्या काही झालं आणि इन्शुरन्सच्या सर्व्हेअरने फोटो काढला तर क्लेमचं तूच बघ.

गल्लीतला_गॅरेजवाला

एवढं कशाला. पावसात हवा कमी करायची, २९ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ची २२ ठेव, ग्रिप डबल. आमच्याकडचा पंक्चरवाला वीस वर्षं हेच सांगतोय.

ट्रॅकवाला_टकल्या

@गल्लीतला_गॅरेजवाला मालक, वीस वर्षं चुकीचं सांगतोय. हवा कमी केली की टायर मधून चेपतो, खाचांची तोंडं मिटतात आणि पाणी बाहेर पडायची वाटच बंद. नासाचा जुना ठोकताळा आहे, विमानाच्या टायरवरून काढलेला, पाणी साचलेल्या जागी टायर कुठल्या वेगाला तरंगायला लागेल ते हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर ठरतं. २९ पीएसआयला तो वेग येतो ताशी ९० किमीच्या आसपास, २२ ला येतो ७८. बाईकचा टायर गोल, तो पाणी कापत जातो, त्यामुळे प्रत्यक्षात अजून जास्तच लागतो. जेव्हीएलआरला संध्याकाळी कोणाचे ९० होतात ते मला दाखवा. हवा मॅन्युअलमध्ये आहे तेवढीच ठेवा, टायर गार असताना भरा, पंपावर आठवड्यातून एकदा.

भिजलेला_बोरिवलीकर

बरं मग नुसता पुढचा टाकला तर? तो साइजने बसतोय. मेन ब्रेकिंग पुढेच असतं ना.

मुलुंडचे_काका

अरे बाबा, पुढे फेव्हिकॉल आणि मागे साबण अशी गाडी कोणी चालवतं का. जोडी एकाच जातीची ठेव.

मी तीस वर्षं मुंबईत दुचाकी चालवतोय, आधी स्कूटर आता बुलेट, म्हणून बोलतो. तुझं सटकलं ते पाण्यावर नाही, लोखंडावर. खाच कितीही खोल असू दे, ओल्या लोखंडी प्लेटवर टायरच्या रबराला धरायला काही नसतंच. डांबरात बारीक खडी वर आलेली असते तिला टायर पकडतो, प्लेट गुळगुळीत. तेच रस्त्यावरच्या पांढऱ्या जाड पट्ट्यांचं, फ्लायओव्हरच्या जॉइंटचं, गटाराच्या झाकणाचं. पेव्हर ब्लॉकवर शेवाळ धरलं की तेही तसलंच. बस स्टॉपसमोर डिझेलचं इंद्रधनुष्य दिसतं ते, आणि भाऊच्या धक्क्यावरून निघालेले मासळीचे टेम्पो पाणी गाळत जातात त्यांच्या मागे तर कधीच राहू नकोस, वास आला की लेन बदल. पहिल्या पावसाची पहिली अर्धी घटका सगळ्यात वाईट, उन्हाळाभर मुरलेलं ऑइल आणि धूळ वर येते. मी तेवढा वेळ पुलाखाली उभा राहतो, ऑफिसात लेट मार्क लागला तर लागू दे. पुलाखाली आधीच पन्नास बाइकवाले असतात, गप्पा होतात.

प्लेट आली की आधीच स्पीड कमी कर, प्लेटवर चाक असताना क्लच-ब्रेक-रेस काही नाही, गाडी सरळ, जाऊ दे तशीच. टायरचा प्रश्न त्यानंतर. आणि टायरचंच विचारतोस तर तुझे आत्ताचे किती जुने? खाच किती उरली ते दिसतं, रबर किती वाळलं ते दिसत नाही. साइडवॉलवर डीओटी (DOT) अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते, तिच्यात शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन साल. वाच आणि सांग.

भिजलेला_बोरिवलीकर

काका आत्ता पार्किंगमध्ये मोबाइलचा टॉर्च मारून बघून आलो, वॉचमन विचारत होता काय हरवलं. पुढचा ठीक आहे, गेल्या वर्षीचाच. मागचा १११९.

मागचा मी २०२२ ला एका दुकानातून घेतला होता, 'एकदम फ्रेश माल' म्हणून, पूर्ण पैसे देऊन. म्हणजे तेव्हाच तीन वर्षं गोडाऊनमध्ये पडलेला. खाच अजून भरपूर आहे म्हणून मी बदलायचा विचारच केला नव्हता, नख दाबतोय तर आत जातच नाही, पाटीवर दाबल्यासारखं.

मुलुंडचे_काका

मार्च २०१९. मग रेसिंगचे टायर बघायला कुठे गेला होतास. साधा रस्त्याचा स्पोर्ट टूरिंग घे, १५०/६० रेडियल, दुकानात उभा राहून कोड स्वतः वाच, मगच रिमवर चढवू दे. नवीन टायर पहिले शंभर-दीडशे किमी सांभाळून, वर गुळगुळीत थर असतो तो निघाला पाहिजे.

चेंबूरचा_चक्रम

आणि सहा हजार वाचले, त्यात थोडे घालून तोच येईल. माझे दोन महिने वाया गेले होते ते कोण देणार.

आर१५_अंबरनाथ

थ्रेड हायजॅक करतोय सॉरी. तो मागचा १४०/७० एकटा देईल का तुझ्या मित्राचा भाऊ? माझ्या यामाहा आर१५ ला तोच साइज आहे, कोईम्बतूरला करी स्पीडवेच्या रेस ट्रॅकवर जायचंय, तिकडे पाऊस लागला तर. पुढचा मला १००/८० लागतो, तो मी बघतो कुठून तरी जोडीचा. रेट डीएम कर.

भिजलेला_बोरिवलीकर

@आर१५_अंबरनाथ विचारतो. साडेतीन बोलेल तो.

आर१५_अंबरनाथ

कोड आधी वाचून सांग मग साडेतीनचं बोलू.