अनुभव धागा: सुख, नशीब आणि किनाऱ्यावरचा बेभरवसा

आमच्या किनाऱ्यावर वर्षाचं गणित बहुतेकदा दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात असतं. थंडीच्या, वाऱ्याच्या, नाहीतर देवळातल्या पाषाणाच्या. तरी माणसं गणपतीत नाचतात, दशावतारासाठी रात्र जागवतात. मग सुख उभं तरी कशावर आहे? 'कोकण म्हणजे स्वर्ग' छापाचं नको. घडलेलं लिहा. नशिबावर चिडला असाल तर तेही चालेल.

सुरुवात मीच करतो.

देवगड
हापूसला मोहोर यायला थंडी लागते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण फळ धरल्यावरही थंडी लांबली तर झाड परत मोहोरतं आणि सगळी ताकद त्या नव्या मोहोराला देतं. आधी धरलेली वाटाण्याएवढी, सुपारीएवढी फळं पिवळी पडून गळतात. खाली पाचोळ्यावर टपटप चालू असते आणि वर झाड असं भरलेलं असतं की मुंबईचे पाहुणे गाडी थांबवून फोटो काढतात. "काय बहर आलाय हो!" बागेतलं सगळ्यात देखणं झाड त्या वर्षी सगळ्यात तोट्याचं. मी त्यांना काही सांगत नाही, कारण दिसतं ते सुंदरच. वासाने डोकं भरून जातं. फवारणीचं बिल, खतवाल्याची उधारी, वाशीच्या दलालाकडून घेतलेली उचल, सगळं डोक्यात घोळत असतं आणि मी आपला तिथेच उभा. हे सुख की खुळेपणा, ते घरच्यांनी ठरवावं.

दिवेआगर
3 जून 2020, निसर्ग वादळ. आमच्या सुपाऱ्या मधोमध मोडल्या. शेजाऱ्यांच्या बऱ्याचशा वाचल्या. भेटायला येणारा प्रत्येक जण "नशीब हो वहिनी" म्हणून जायचा. नशीब कसलं? त्यांच्या वाडीला वाऱ्याच्या बाजूने आडोसा आहे, आमची उघडी. सुपारीचं रोप लावलं की फळाला पाच-सात वर्षं जातात. तेवढी वर्षं केळीवर काढायची. मला 'नशीब' म्हणणाऱ्यांपेक्षा, न बोलता कोयता घेऊन पडलेली झाडं तोडायला आलेले लोक आठवतात. एवढंच.

चिपळूण
2005 च्या पुरानंतर बाबांनी दुकानाच्या भिंतीवर पाण्याची रेघ मारून ठेवली होती. माल कायम त्या रेघेच्या वर. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी त्या रेघेच्याही वर गेली. गिऱ्हाईकं विचारतात, नवी रेघ कुठे मारलीत? मारलीच नाही. रंग देऊन जुनीपण पुसली. बाबांना ते अजून पटलेलं नाही.

वेळास
आम्ही कासव महोत्सवाच्या पाहुण्यांना घरी ठेवतो. सकाळ-संध्याकाळ घरट्यावरची टोपली उचलतात. कधी खाली पिल्लांची वळवळ, कधी नुसती वाळू. नुसती वाळू निघाली की काही जणांचे चेहरे असे होतात, जणू कासवाने आगाऊ पैसे घेतलेत! हजारातलं एखादंच पिल्लू मोठं होतं म्हणतात. माझी मुलगी दरवेळी त्यातलं एक निवडते आणि पाण्यात जाईपर्यंत त्यालाच ओरडून वाट दाखवते. ते आपलं त्याला जिथे जायचं तिथेच जातं.

कुडाळकडचं गाव
काकाला मस्कतची नोकरी आली तेव्हा आजीने देवळात कौल लावायला सांगितला. गुरवाने पाषाणाला पाकळ्या लावून गाऱ्हाणं घातलं. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. डावी पडली. आजी म्हणाली, गाऱ्हाणां नीट घालूक नाय. परत घातलं, परत डावी. मग प्रश्नच फिरवला: "ह्यो गेलो तर सुखरूप परत येतलो मां?" उजवी! काका गेला, परतही आला. आमच्याकडे दैव मानतात, पण त्याच्याशी घासाघीसही करतात.

हर्णै
वरचं सगळं वाचलं. सूर्यास्त बघायला बंदरावर गर्दी होते, तेव्हा आम्ही बोट दिसते का ते बघत असतो. रंग आम्हालाही दिसतात, पण बोट दिसल्यावर. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. त्या दिवसांत जाळी विणायची, कर्ज मोजायचं आणि निवांत झोपायचं, कारण आपलं माणूस घरात असतं. पैसा नसतो तेव्हाच मी जास्त सुखात असते, हे बोलले तर नवरा हसतो. आता वाद 1 ऑगस्टचा. सासूबाई म्हणतात, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय बोट काढायची नाही. नवरा म्हणतो, शेजारचे पहिल्याच दिवशी निघणार, भाव त्यांना मिळणार. बर्फाची ऑर्डर अजून दिलेली नाही.