लॅपिस लाझुली : नीलम, लाजवर्द की राजावर्त?

पाटीपेन्सिल
मुलांच्या एका मासिकासाठी मेसोपोटेमियातल्या (आजचा इराक) उर शहराच्या राजकबरींवरचा लेख इंग्रजीतून मराठीत आणतेय. लिओनार्ड वूलीनं 1922 ते 1934 या काळात तिथं उत्खनन केलं, त्यात सापडलेल्या वस्तूंची वर्णनं आहेत. राणी पुआबीच्या अंगावरचे सोन्याचे, अकीकाचे आणि लॅपिस लाझुली या निळ्या दगडाचे मणी. एका तंतुवाद्यावर बैलाचं सोन्याचं मुंडकं आणि त्याला लॅपिसची कुरळी दाढी. मी 'लाजवर्द' लिहिलं होतं. संपादकांनी सगळीकडे 'नीलम' करून मजकूर परत पाठवला. म्हणे लाजवर्द हा उर्दू शब्द आहे आणि मुलांना कळणार नाही. पण नीलम म्हणजे सफायर ना? काय करावं?

दगडफूल
नीलम अजिबात नको. ती सरळ चूक होईल. नीलम पारदर्शक असतो आणि काठिण्यात हिऱ्याच्या खालोखाल, 10 पैकी 9. लाजवर्द अपारदर्शक, काठिण्य जेमतेम साडेपाच, म्हणून तर त्यात दाढीचे कुरळे केस कोरता आले. हातात घेतला की ओळखू येतो: गडद निळ्या अंगात पायराइटचे सोनेरी ठिपके आणि कॅल्साइटच्या पांढऱ्या शिरा. नीलम म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर अंगठीतला चमकणारा खडा येईल.

उंबरठा
नीलम नको हे मान्य. पण घरात 'राजावर्त' असताना लाजवर्द कशाला? रसशास्त्राच्या, म्हणजे धातू-खनिजांच्या औषधांवरच्या, संस्कृत ग्रंथांत राजावर्तच येतो. राजा + आवर्त. उच्चारायला सोपा, आपला आणि भारदस्त.

जुनी वही
उंबरठा, तो शब्द 'आपला' आहे हे कशावरून? फारसीतल्या लाजवर्दचंच संस्कृत रूप वाटतं ते. ल चा र झाला आणि मग 'राजा' दिसू लागला. तोच शब्द अरबीतून युरोपात गेला. तिथल्या लोकांना सुरुवातीचा ल म्हणजे शब्दाआधी लागणारं उपपद (इंग्रजी 'द' सारखं) वाटला आणि तो गळाला. त्यातून इटालियन 'अझ्झुर्रो', स्पॅनिश 'अझुल' आणि इंग्रजी 'अ‍ॅझ्युअर' आले. लॅपिस लाझुलीतलं 'लाझुली'ही तेच. म्हणजे संपादकांना चालणारा 'लॅपिस लाझुली' आणि न चालणारा 'लाजवर्द' एकाच घरातले.

रसशाळा
आमच्या औषधालयात बरणीवर 'राजावर्त पिष्टी' (दगडाची बारीक पूड) असंच लिहिलेलं असतं, गिऱ्हाईकही तेच नाव घेऊन मागतं. शब्द मेलेला नाही. शोधनाच्या, म्हणजे दगड औषधासाठी शुद्ध करण्याच्या, वेळी लिंबाच्या रसात उकळला की अस्सल दगडाला कुजक्या अंड्यासारखा बारीक वास येतो. वास आला की माल खरा, असं माझे गुरू सांगत.

दगडफूल
बरोबर. त्यातल्या गंधकामुळे तो वास येतो. निळा रंगही त्या गंधकामुळेच.

आग्वादचो वारो
पणजीला फोंताइन्यास भागात घरांवर निळ्या चित्रांच्या टाइल आहेत, त्यांना 'अझुलेज' म्हणतात. ते नावही या लाजवर्दचंच. अझुल म्हणजे निळा, त्यावरून.

जुनी वही
नाही हो. तो शब्द अरबी 'झुलैज' वरून आला, घोटून गुळगुळीत केलेला तुकडा या अर्थानं. टाइल निळी असते म्हणून अझुल आठवतो, एवढंच.

आग्वादचो वारो
माझे आजोबा टाइलचं काम करायचे, ते निळ्यावरूनच सांगायचे. लोकांच्या कानाला दोन शब्द एक वाटले असतील तर तोही अर्थाचा भागच ना?

नवखा वाचक
सफायर हा शब्द मुळात आपल्या 'शनिप्रिय' वरून आला असं वाचलं होतं. मग नीलम आणि लॅपिस एकच नाहीत का?

जुनी वही
शनिप्रिय ही व्युत्पत्ती सुचवलेली आहे, पण मला ती पटत नाही. ग्रीक थिओफ्रास्टस ज्या 'सॅफिरोस'चं वर्णन करतो त्यावर सोन्याचे ठिपके आहेत. म्हणजे त्याचा सॅफिरोस हा आपला लाजवर्द! आजच्या नीलमला ते नाव पुढे चिकटलं. शनीशी नातं आपल्याकडे नीलमचं, आणि ग्रीकांच्या हातात होता दुसराच दगड. त्यामुळे ती साखळी तिथेच तुटते.

उंबरठा
मग जुन्या काळी नावं अशी सरकत असतील तर 'वैडूर्य'ही विचारात घ्या. भैषज्यगुरू बुद्धाला 'वैडूर्यप्रभ' म्हणतात आणि तिबेटी चित्रांत तो गडद निळा असतो.

दगडफूल
मराठीत वैडूर्य म्हणजे लसण्या, मांजराच्या डोळ्यासारखा चमकणारा. मुलं गोंधळात पडतील.

मला नावापेक्षा एका गोष्टीची काळजी जास्त वाटते. या दगडाची सगळी मौज तो कुठून आला यात आहे. अफगाणिस्तानात बदख्शानमध्ये कोकचा नदीच्या खोऱ्यात सर-इ-संगच्या खाणी आहेत. तिथून उर दोन-अडीच हजार किलोमीटर. साडेचार हजार वर्षांपूर्वी डोंगरातला हा दगड एवढी वाट तुडवून राणीच्या गळ्यात पोचला. कोकचा जिथं आमू दर्याला मिळते, त्याच्या जवळ शोर्तुगाई इथं तर हडप्पा संस्कृतीची वस्ती सापडली, सिंधूच्या खोऱ्यापासून इतक्या दूर. लाजवर्दच्या व्यापारासाठीच ती वसली असावी असं मानतात. नीलम लिहिलं की ही सगळी वाट पुसली जाते. नीलम म्हटलं की वाचक मनानं श्रीलंकेत किंवा काश्मिरात जाऊन पोचतो.

रसशाळा
आणि इजिप्त? तुतनखामुनच्या मुखवट्यावरच्या भुवया लॅपिसच्याच ना? तिथे तर हा दगड मिळतही नव्हता.

दगडफूल
हो, भुवया आणि पापण्यांच्या कडा. तिथे देवांचं वर्णनच असं की हाडं चांदीची, अंग सोन्याचं आणि केस लाजवर्दाचे. बॅबिलोनचे राजे तो फेरोंना, म्हणजे इजिप्तच्या राजांना, भेट म्हणून पाठवत, इजिप्तमध्ये अमर्ना इथं सापडलेल्या पत्रांत त्याचे उल्लेख आहेत.

जुनी वही
शुद्धतेच्या भांडणात घालायला एक मुद्दा. त्या लोकांनाही खऱ्याखोट्यासाठी वेगळा शब्द लागला नाही. मेसोपोटेमियातल्या अक्कडी भाषेत लाजवर्दला 'उक्नू' म्हणत आणि निळ्या काचेलाही उक्नूच. फरक सांगायचा तर 'डोंगरातला उक्नू' आणि 'भट्टीतला उक्नू' असं म्हणायचे. इजिप्तमध्येही 'खेस्बेद' खरा आणि 'खेस्बेद' बनवलेला.

उंबरठा
त्यानं माझंच म्हणणं बळकट होतं. एक शब्द धरा आणि त्याला विशेषण लावा. 'डोंगरी राजावर्त'. लाजवर्द धरलात तर पुढच्या पिढीला राजावर्त ही चीज होती हेही कळणार नाही.

पाटीपेन्सिल
उंबरठा, राजावर्तबद्दल मला आदर आहे, पण दहा वर्षांचं मूल तो शब्द वाचून अंगठी डोळ्यांसमोर आणणार की औषध? लाजवर्दला निदान कुठलंच चुकीचं चित्र चिकटलेलं नाही. आणि उर्दू म्हणून टाळायचा तर अकीकही टाळावा लागेल, तो अरबी. तो संपादकांनी तसाच ठेवलाय.

आग्वादचो वारो
महाराष्ट्रातली एक खूण द्या की मुलांना. अजिंठ्यातला निळा याच दगडाचा आहे.

दगडफूल
छान आठवण. पाचव्या शतकातल्या चित्रांत निळ्या रंगासाठी लाजवर्दची पूड वापरलेली आहे. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, चुना, काजळी हे आसपास मिळायचं. निळा मात्र बदख्शानकडून यायचा. पुढच्या वेळी लेणं क्रमांक 1 किंवा 17 पाहाल तेव्हा निळा कुठे कुठे खर्च केलाय ते शोधा, चित्रकाराचा हात समजतो.

पाटीपेन्सिल
हे तर लेखात चौकट करून घालते. संपादकांशी बोलले. नीलम काढायला ते तयार आहेत, पण त्यांना आता 'निळा मौल्यवान दगड' हवाय, शब्दच नको. मी पहिल्यांदा 'लाजवर्द नावाचा गडद निळा दगड' आणि पुढे सगळीकडे लाजवर्द असं सुचवलंय. उत्तर यायचंय.

नवखा वाचक
कपड्यांना घालायची नीळ याच दगडाची का? की ती झाडाची?

दगडफूल
झाडाची नीळ वेगळी, ती रंगारी वापरत. पांढऱ्या कपड्यांची पुडीतली नीळ म्हणजे बहुतेक करून कृत्रिम अल्ट्रामरीन, लाजवर्दाच्या रंगाची भट्टीत केलेली नक्कल. 1828 च्या सुमारास फ्रान्स आणि जर्मनीत ती जमली. चिनी माती, सोडा, गंधक आणि कोळसा.

रसशाळा
म्हणजे 'भट्टीतला उक्नू'! पण दोन वस्तूंना मराठीत एकच 'नीळ' कशी झाली? आमच्याकडे आजी पुडीतल्या निळीला वेगळं काहीतरी म्हणायची, विदर्भातलं कुणी आहे का इथे?